मधमाश्यांच्या रांगेतली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. आमच्या वाचनालयात माझ्याइतकी वाचली गेलेली दुसरी कादंबरी नाही, आणि माझ्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर एकही शिक्का नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुमचा विश्वास बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या अंगाला अंग लावून पडलेल्या कोशआजोबांचाही बसत नाही. त्या जाडजूड शब्दकोशाची शेवटची पानं गळाली आहेत, त्यामुळे क्षमा हा शब्द त्यांच्याकडे उरलेला नाही. ते मध्येच गुरगुरले तर लक्ष देऊ नका.

माझी पानं शिवणाऱ्या बाईने पाठीला दोन टाके जास्त घातले होते. "हिला पुष्कळ हात लागणार," असं ती म्हणाली होती. माझ्या पोटात सोळा-सोळा वर्षांच्या दोन मुली आहेत. एक पोहते, दुसरी घड्याळं दुरुस्त करते. दोघींचं एकमेकींवर प्रेम बसतं. बस, एवढंच. खून नाही, भूत नाही. तरी मला हातात घेताना लोक आधी इकडेतिकडे बघायचे, जणू मी कुणाचं तरी पाकीट आहे.

माझा पहिला वाचक एक निवृत्त बसड्रायव्हर होता. नातीसाठी पुस्तक शोधायला आला आणि मला घेऊन खांबाआड उभा राहिला तो तीन दिवस. म्हणजे जेवायला घरी जायचा, पण मनाने उभाच. तो इतका रडला, की ग्रंथपाल बाईंनी छत गळतंय म्हणून प्लंबर बोलावला. शप्पथ! प्लंबरने वर जाऊन टाकीचा नळसुद्धा बदलला.

शेवटचं पान मिटून ड्रायव्हरकाका मला हळूच म्हणाले, "दोघी जिवंत राहतात. तीनदा वाचून खात्री केली मी. चाळीस वर्षं उशीर केलास गं, बाई."

आमच्याकडे दाराशी एक फळा आहे. आवडलेल्या पुस्तकाचं नाव कार्डावर लिहायचं, खाली स्वतःचं पूर्ण नाव घालायचं आणि ते टाचायचं. काकांनी माझं नाव झोकात लिहिलं. स्वतःच्या नावापाशी मात्र पेन अडलं. कार्ड त्यांनी खिशात घातलं. मग त्यांनी एका लोकप्रिय किशोर कादंबरीत चिठ्ठी सरकवली: 'हे आवडलं असेल तर मधमाशीपालनाची रांग बघ. खालून दुसरा कप्पा, डावीकडून चौथं पुस्तक.' आणि मला तिथे नेऊन ठेवलं, कारण त्या रांगेत चिटपाखरू फिरकत नसे.

तिथून जी रीत पडली, ती पडलीच. माझा पत्ता कितीतरी पुस्तकांत पोचला. चिठ्ठ्यांवर वाचक भर घालायचे. 'सातव्या प्रकरणाला रुमाल जवळ ठेवा.' 'आईसमोर वाचू नका.' त्याखाली तिसऱ्याच अक्षरात: 'आईलाच द्या. मी द्यायला हवी होती.' माझ्यापायी त्या रांगेत एवढी गर्दी होऊ लागली, की ग्रंथपाल बाईंनी मधमाश्यांवरची आणखी बारा पुस्तकं मागवली!

पण मित्रांनो, मला घरी कुणी नेलं नाही. घरी न्यायचं तर वाचकाच्या वाचनालय-कार्डावर माझं नाव चढतं, शिक्का बसतो. सगळे मला उभ्या-उभ्या वाचायचे आणि जिवाच्या आकांताने पुन्हा लपवून ठेवायचे. त्यांना वाटायचं, आपण हिला जपतोय.

शेवटची आली वेणीवाली. ग्रंथपाल बाईंची सख्खी भाची. कार्ड द्यायचं म्हणजे मावशीच्याच हातात द्यायचं.

"काय गं, मधमाश्या पाळायच्यात की काय? रोज त्याच रांगेत!" मावशी विचारायची.

"मध आवडतो मला."

"घरी बाटली तशीच पडलीय. मुंग्या खातायत."

वेणीवाली हसायची आणि माझं एकशे बारावं पान बोटाने घट्ट धरून ठेवायची. त्या पानावर पोहणारी मुलगी स्वतःच्या आईला सगळं सांगते. ते पान तिने इतक्यांदा वाचलं, की त्याची कड कापसासारखी मऊ झाली.

मग छाटणीचा दिवस उजाडला. पाच वर्षांत शिक्का नसलेलं पुस्तक कागदाच्या कारखान्यात लगदा व्हायला जातं, असा आमच्याकडचा नियम. बाई यादी घेऊन थेट माझ्यापाशी आल्या.

"ही इथे कशी? आणि एकाही माणसाने नेली नाही हिला?"

"मावशी, कुणी इथेच वाचत असेल तर?" वेणीवालीने विचारलं.

"वाचणाऱ्याने न्यायला नको? तुला हवीय का? सांग, आत्ता शिक्का मारते."

मित्रांनो, मी पानापानातून ओरडत होते. माझ्या दोन मुली ओरडत होत्या. हो म्हण गं! एकच शब्द! ज्याला नाव घालायची भीती वाटते, त्याला मी दोष देत नाही. भीती काय असते, ते मी त्या सगळ्यांच्या घामेजल्या बोटांवरून ओळखलंय. पण तुमच्यातल्या ज्यांना भीती नाही, त्यांनी तरी आम्हांला उघड्यावर घरी न्या. फळ्यावर आमचं नाव टाचा. तुमच्या एका शिक्क्याने पुढच्या वाचकासाठी पुस्तक जागेवर राहतं. आम्हांला लपवून जपू नका. तसं जपलेलं पुस्तक मरतं.

आणि ऐका, ती बोलली! छाती काढून म्हणाली, "हो मावशी, हवीय. आणि ही माझीच गोष्ट आहे." बाईंनी तिला पोटाशी धरलं. असा दणकून शिक्का मारला, की टेबलाचा पाय मोडला! ड्रायव्हरकाका खिशातलं कार्ड नाचवत फळ्याकडे धावले, टाळ्यांनी खिडकीच्या काचा...

"खोटं!" कोशआजोबा गरजले. "साफ खोटं! ती 'नको' म्हणाली. बाईंनी चिकटपट्टी मागितली, ती तिने आणून दिली, आणि ह्या आपल्या खोक्याचं झाकण तिनेच दोन्ही हातांनी दाबून धरलं. तू माझ्या खाली होतीस, तुला दिसलं नाही. मी वर होतो. तिचं तोंड मी पाहिलंय."