डाव्या बाहीचा बग

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते एका अंगठ्यामुळे.

कपड्यांचे कागदी नमुने आखायचा एक फुकटातला प्रोग्रॅम होता. कुणा कंपनीचा नाही, जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून चालवायची. काही बिघडलेलं दिसलं की लोक तिथे बग म्हणून लिहायचे, आणि त्या बगांना लेबलं चिकटवायचं काम थोरलीकडे. ‘आधीच आलाय’, ‘हा बिघाड नाही’, ‘माहिती हवी’. शिलाई मशीन थांबलं की लेबलं. वर्षानुवर्षं हेच. प्रोग्रॅमच्या कर्त्याधर्त्याला सगळे मुकादम म्हणायचे. त्याने तिला कधी वाईट म्हटलं नव्हतं, पण बरंही नाही.

धाकटी जाऊ तर घरात येऊन जेमतेम वर्ष झालेली. तिने आपला पहिलावहिला बग लिहिला, की नमुना छापला की डावी बाही उजवीपेक्षा बोटभर आखूड येते. सोबत फोटो, दोन्ही बाह्या फरशीवर पसरून, मधे टेप ठेवून काढलेला. मुकादमाने शाबासकीचा अंगठा दिलाच, वर लिहिलं, बग लिहावा तर असा.

थोरलीने ते परत परत वाचलं. फोटोतली टेपसुद्धा तिचीच होती.

तिने तडक ‘माहिती हवी’ चिकटवलं आणि विचारलं, प्रोग्रॅमचं व्हर्जन कुठलं? आता घरात कॉम्प्युटर एकच, बाहेरच्या खोलीत, आणि त्यात प्रोग्रॅम टाकलेला थोरलीनेच. पण नियम म्हणजे नियम. हे लेबल लागल्यावर दोन आठवडे कुणी चकार शब्द काढला नाही, तर झाडू नावाचा आपोआप चालणारा बॉट येऊन बग बंद करायचा. त्याला ना राग ना लोभ.

नेमकी धाकटीची आई पाय घसरून पडली आणि धाकटी माहेरी गेली. तिथल्या धावपळीत तिला बसायला वेळ नाही, तर बग कुठला बघते. तिने नवऱ्याकरवी निरोप धाडला. दीर म्हणाला, "वहिनी, तेवढं व्हर्जन तुम्हीच लिहून टाका. तुम्हाला तर माहितीच आहे." थोरली म्हणाली, ज्याचा बग त्याने बघावा, आणि त्याच्याच पँटची शिवण उसवत बसली.

शेवटी झाडूने सूचना लावली, उद्या बंद. त्या दिवशी थोरलीचं मशीनवर लक्ष नव्हतं. दर थोड्या वेळाने जाऊन बघून यायची. बगाखाली कुठले कुठले शिंपी अंगठे देऊन जात होते. बोलत कुणीच नव्हतं, आणि नुसते अंगठे झाडू जमेस धरत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. गप्प बसली असती तर काम झालंच होतं. पण तिच्या लेबलांना आजवर कुणी अंगठा दिला होता? त्यात मुकादमाने एक लाल बदाम टाकला. तो बदाम बघून तिचं टाळकंच सरकलं.

तिने लिहिलं, "नुसते अंगठे देऊन बाही लांब होत नाही. व्हर्जन सांगा, नाहीतर बंद होणार."

बरं वाटलं. झाडू येईपर्यंत. झाडूने लिहिलं, इथे बोलणं चालू आहे, बग उघडा ठेवतो. आणि लेबलही काढून नेलं. कोण बोललं, कुठल्या तोंडाने बोललं, त्याला काय घेणं.

थोरलीने आपली ओळ पुसली. लेबल परत चिकटवणार, तोवर मुकादम हजर. ऐन वेळी वाचवलात, त्याने लिहिलं, तुम्हीही शिवणकाम करता ना, तुमच्याकडे बाही आखूड येते का बघाल?

इतक्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा काही विचारलं होतं, तेही धाकटीच्या बाहीबद्दल.

तिने नमुना छापला. बाही बोटभर आखूड आली. दात आवळून तिने व्हर्जन लिहिलं आणि ‘खात्री झाली’ चिकटवलं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "ताई, माझा बग तुम्ही वाचवलात. मला उगाच वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं?"

"काही नाही."

थोरलीने आईच्या पायाची चौकशी केली. मग म्हणाली, "माझी टेप कुठे ठेवलीस?"

टेप धाकटीच्या उशीखाली निघाली. कॉलर एका बाजूला तिरकी येते हे थोरलीला कधीपासून माहीत होतं, लिहायचं सुचलं नव्हतं. तिने कॉलरचा कागद फरशीवर पसरला, मधे टेप ठेवली, फोटो काढला. पसंत पडेना. परत काढला. दीर पाणी प्यायला आला तर म्हणाली, "बाजूला हो. सावली पडतेय."