नेलीचं अक्षर

"हे मी लिहिलेलं नाही," नेली म्हणाली.

बास्तियाँ दुकानातल्या मोठ्या टेबलावर नव्या पुस्तकांचे गठ्ठे रचत होता. त्याने मान वर केली, तिच्या हातातला चित्रकथेचा अल्बम बघितला आणि हसला. "चेष्टा करता का, मादाम नेली? उद्या मी आंधळा झालो तरी तुमचं अक्षर बोटांनी चाचपून ओळखेन."

पंचाईत तीच होती. अक्षर तिचंच होतं. एक पाय पुढे टाकून उभा राहिलेला 'आर', पोट किंचित सुटलेला 'बी', सगळं तिचंच. पण या पानांवरचा एकही शब्द तिने लिहिला नव्हता. इन्स्पेक्टर बोदार कुणा बाईला सांगत होता, "तुमचा नवरा सापडला. कालव्यात." हे वाक्य नेली आयुष्यात पहिल्यांदा वाचत होती.

बोदारची चित्रकथा विली पिरार काढायचा. पात्रांच्या तोंडाजवळचे फुगे तो रिकामे सोडायचा आणि त्यांत संवाद लिहायची ती नेली. टाकाने, काळ्या शाईने, पेन्सिलीच्या पुसट रेघा आखून. तीस वर्षं हेच चाललं होतं. विली पानं घेऊन स्वतः यायचा, जिना चढून धापा टाकत तिच्या स्वयंपाकघरात बसायचा, हॅममध्ये गुंडाळलेले शिकोंचे, त्या कडवट भाजीचे, गड्डे चीज घालून भाजलेले असले की दोनदा वाढून घ्यायचा. जेवता जेवता ती पानं चाळायची आणि म्हणायची, "या फुग्यात एवढं बोलणं मावायचं नाही. तुझा बोदार फार बडबडतो. काप जीभ त्याची." विली कुरकुरायचा आणि कापायचा.

आज सकाळी बाजारातून येताना ट्रामच्या थांब्यावर तिने पोस्टर बघितलं होतं: शनिवारी दुपारी बास्तियाँच्या दुकानात विली पिरार, नव्या बोदारसह. तिला वाटलं, पोस्टरवाल्यांची चूक आहे. पानं अजून आपल्याकडे आलीच नाहीत, मग अल्बम कुठून येईल? बोदार काय मुका झाला? शनिवार आजच होता, म्हणून खात्री करायला ती बाजाराच्या पिशवीसकट दुकानात आली होती. गेल्या वर्षभरात तिने विलीला कितीदा तरी फोन केला होता आणि दर वेळी तो एकच पाढा वाचायचा, "होतंय गं. हात पूर्वीसारखा चालत नाही." ती बिचारी टाक धुऊन, पुसून, डबीत ठेवून वाट बघत बसली होती. शाई सुकू नये म्हणून अधूनमधून बाटली हलवायची. मूर्ख बाई, असं ती आता स्वतःलाच म्हणाली.

तिने शेवटचं पान उलटलं. तिथे बारीक टायपात चित्रकाराचं नाव असायचं, रंग भरणाराचं असायचं आणि खाली असायचं: अक्षर, नेली जाकमाँ. आता तिथे लिहिलं होतं: फॉन्ट, नेली.

"तुम्ही तर आता मोठ्या बाई झालात," बास्तियाँ म्हणाला. पोरगा मनाने वाईट नव्हता, फक्त त्याला गप्प बसता यायचं नाही. "इथे या, गंमत दाखवतो. हे बघा, शेफची आत्मकथा, तुमचं अक्षर. हे मंगळावरचं, तुमचं. ही नर्सची गोष्ट, कोविडमधली, फार खपतेय, तुमचं. हे लहान मुलांचं, कोल्ह्याचं. आणि हे..." त्याने एक जाड अल्बम उचलला आणि पटकन परत ठेवला. "हे जरा मोठ्यांचं आहे."

"दाखव," नेली म्हणाली.

तिने तो उघडला. पलंगावरचा एक बाप्या तिच्या अक्षरात असं काही बोलत होता, की तिची आई असती तर तिने नेलीचं तोंड साबणाने धुतलं असतं. नेलीने तो मिटला आणि नर्सची गोष्ट घेतली. एका पानावर म्हातारा मरायला टेकला होता आणि कानात काहीतरी सांगत होता. नेलीने हे कसं लिहिलं असतं? अक्षर बारीक केलं असतं, ओळ खाली झुकू दिली असती, शेवटच्या शब्दाला टाकातली शाई संपत आली असती. इथे म्हातारा ठणठणीत होता. मंगळावरचा कप्तान ज्या आवाजात हुकूम सोडत होता, त्याच आवाजात हा प्राण सोडत होता. कोल्हाही तसाच, आचारीही तसाच. सगळ्या जगाला एकच गळा बसवला होता, आणि तो गळा म्हणे नेलीचा.

आणि प्रत्येक पानावर तो 'क्यू'.

त्याची शेपटी सरळ खाली यायला हवी, तर मध्येच तिला गाठ पडलेली. नेलीला ती गाठ बरोबर आठवली. प्रकाशकाच्या कचेरीत तिला एकदा बोलावलं होतं, पुढ्यात साखरेची टार्ट ठेवली होती आणि साहेब फार गोड बोलत होते. "प्रत्येक अक्षर एकेकदा लिहून द्या, मादाम. उद्या तुम्ही आजारी पडलात आणि छापताना एखादा शब्द बदलावा लागला, तर सोय असावी." ती लिहीत असताना एका मुलीने टेबलावर कॉफी ठेवली, टेबल डुगडुगलं, हात हलला. नेलीने दुसरा कागद मागितला, तर साहेब म्हणाले, "राहू द्या हो, क्यूकडे कोण बघतंय?" निघताना त्यांनी तिला फुलांचा गुच्छ दिला आणि तिने तो आठवडाभर पाणी बदलून जपला. साहेबांना हे ठाऊक नव्हतं का, की कोण, काय, कधी, कुठला हे आपले फ्रेंचमधले सगळे प्रश्न क्यूनेच सुरू होतात? बोदार तर पोलीस, त्याला प्रश्न विचारण्याशिवाय दुसरा धंदाच नाही. पानापानांवर तो गाठीचे प्रश्न विचारत हिंडत होता.

तेवढ्यात दुकानात गलका झाला. विली आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रांग केव्हाचीच लागली होती, फुटपाथवर वळसा घालून पलीकडच्या चपलांच्या दुकानापर्यंत गेली होती. घडीची स्टुलं घेऊन आलेले, थर्मासमधून सूप पिणारे, असल्या रांगांत आयुष्य काढलेले लोक. अल्बम विकत घ्यायचा, उभं राहायचं, आणि चित्रकाराने पहिल्या कोऱ्या पानावर आपल्यासाठी, आपल्या नावाने एक चित्र काढायचं. या रांगेत नेली कधीच उभी राहिली नव्हती. ती टेबलाच्या पलीकडे बसायची, विलीच्या डाव्या हाताला. विली बोदार काढून फुगा सोडायचा आणि नेली त्यात वाचकाचं नाव लिहायची. आज त्या खुर्चीवर प्रकाशनाची एक मुलगी बसून फोन बघत होती.

नेलीने अल्बमचे पैसे दिले. "तुम्ही कशाला?" म्हणत बास्तियाँ ओशाळला, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. बाहेर जाऊन ती रांगेच्या टोकाला उभी राहिली. तिच्या मागे लाल मफलरवाला एक माणूस येऊन उभा राहिला आणि लगेच बोलायला लागला. त्याच्याकडे विलीची कितीतरी चित्रं होती, तो प्रत्येकावर टीपकागद घालून ठेवायचा.

"तुमचं पहिलंच का, मादाम?"

"रांगेतलं पहिलंच," नेली म्हणाली.

रांग मुंगीच्या पावलाने सरकली. पिशवीतली लीकची, त्या जाड कांद्याच्या पातीची, जुडी जड झाली. घरी जावं, असं तिच्या मनात अनेकदा आलं. पण तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती घेतल्याशिवाय तिचा पाय निघत नव्हता. विलीने चार लोकांत म्हणायला हवं होतं, की ही नेली, हे हिचं अक्षर. आणि पुढची पानं तिच्याकडे यायला हवी होती. बस्स, एवढंच.

तिची पाळी आली. विलीने मान वर न करता अल्बम उघडला. "कुणाच्या नावाने?"

"नेली जाकमाँ."

त्याचं पेन थांबलं. त्याने वर बघितलं. म्हातारपणी गालफडं लोंबली होती, तरी ती लाल झालेली दिसली.

"अगं! तू? आणि रांगेत? सरळ आत यायचंस की!"

"आत खुर्ची नव्हती."

शेजारची मुलगी फोनमधून डोकं वर न काढता थोडी सरकली.

"नेली, हे बघ," विली आवाज खाली आणून म्हणाला, "मला वाटलं, त्यांनी तुला कळवलं असेल."

"त्यांनी? माझ्याकडे जेवायला ते यायचे का रे?"

"त्यांना घाई असते. चार दिवसांत सगळं हवं असतं. मशीन एका दुपारात करून टाकतं. आणि अक्षर तुझंच आहे की नाही? उलट तू दमायची नाहीस आता."

"मी दमले, असं तुला कधी म्हणाले?"

गरज सरो आणि वैद्य मरो. पण वैद्य समोर येऊन उभा राहिला की माणसाची जीभ टाळ्याला चिकटते. विली भराभर चित्र काढायला लागला. बोदारची टोपी, बोदारचं नाक, बोदारची मिशी. हात झकास चालत होता. पूर्वीसारखाच.

"पुढचा अल्बम?" नेलीने विचारलं. "त्याची पानं येतील ना माझ्याकडे?"

"बघू."

"बघू म्हणजे काय, विली?"

"तोही छापायला गेलाय," विली म्हणाला. मग त्याने बोदारच्या तोंडाजवळ फुगा काढला, तो रिकामा ठेवला, आणि पेन उलटं करून तिच्या हातात दिलं. "लिही. नेहमीसारखं. तुला हवं ते लिही."

मागे कुणीतरी खाकरलं. नेली पेन धरून उभी राहिली. तीस वर्षं तिने फुग्यांत चोर, पोलीस, विधवा, दारुडे, सगळ्यांचं बोलणं लिहिलं होतं. स्वतःचं असं काही तिथे लिहायची वेळ कधी आली नव्हती. शिव्या बऱ्याच सुचल्या. शेवटी तिने पिशवी खाली ठेवली, श्वास रोखला आणि आपलं नाव लिहिलं, आडनावासकट. जाकमाँच्या स्पेलिंगमध्ये मधोमध क्यू येतो, त्याची शेपटी तिने सावकाश खाली ओढली. सरळ, स्वच्छ, कुठेही न अडखळता.

लाल मफलरवाला तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "वा, मादाम! काय हुबेहूब! अगदी पुस्तकातल्यासारखं! क्लासला जाता का कुठे?" मग त्याने चष्मा वर केला. "फक्त क्यू चुकलाय हं तुमचा. शेपटीला गाठ असते. तीच तर त्याची खासियत. हो की नाही, मेत्र?"

विलीने क्यूकडे बघितलं. मग नेलीकडे बघितलं. रांगेतले लोक 'मेत्र', म्हणजे उस्ताद, काय म्हणतात याकडे कान देऊन होते, बास्तियाँही गठ्ठे सोडून उभा होता. एक वाक्य पुरलं असतं.

"हो," विली म्हणाला. "पुस्तकात गाठ आहे."

आणि लाल मफलरवाल्याच्या अल्बमसाठी त्याने हात पुढे केला. "कुणाच्या नावाने?"

नेलीने पेन टेबलावर ठेवलं, पिशवी उचलली आणि अल्बम उघडाच धरून ती बाहेर आली. ओली शाई दुसऱ्या पानाला लागू नये म्हणून सगळेच तसा धरतात. फुटपाथवरून ती तशीच, तबक धरल्यासारखी, जपून चालत थांब्यापर्यंत गेली. सकाळचं पोस्टर तिथेच होतं. 'बोदार कोणाच्या मागावर आहे?' असं त्यावर तिच्या अक्षरात हातभर उंच छापलं होतं. एवढ्या मोठ्या आकारात ती गाठ रस्त्यापलीकडूनही दिसली असती.

ट्राम आली. नेलीने फुग्यातल्या क्यूवरून अंगठा फिरवून बघितला. शाई वाळली होती. तिने अल्बम मिटला, पिशवीत लीकच्या जुडीखाली घातला आणि आत जाऊन बसली.