आज मी बाहेर बसले

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ठकूबाई कैरीच्या लोणच्याला मसाला लावत होत्या. पाचवीतली नात उल्का शाळेतून आली ती नाचतच.

"आजी, आज मी बाहेर बसले."

ठकूबाईंचा हात बरणीतच थांबला. पोरीला दहावं सरत होतं.

"केव्हापासून गं?"

"सकाळपासून. मॅडमनीच बसवलं. उद्यापण बसायचंय."

"उद्याच काय, चार दिवस बसायचं असतं. बरणीला हात लावू नकोस. जा आईजवळ."

आई म्हणजे सुनंदा. तिचा दुसरा दिवस, म्हणून ती बाल्कनीत होती. चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. दिल्लीत येऊन बारा वर्षं झाली. गावचं सगळं सुटलं, ही चटई मात्र सामानाबरोबर आली.

उल्का तिला बिलगली. "आई, मॅडमनी पूर्ण क्लास कडुनिंबाखाली नेला. बुलबुलचं घरटं आहे, त्यात अंडी. पिल्लं निघून उडेपर्यंत रोज बघून चित्र काढायचं."

सुनंदाला हसू आवरेना. ती सासूला म्हणाली, "आई, ही झाडाखाली बसली होती. मुलगेसुद्धा बसले होते."

ठकूबाई वरमल्या नाहीत. चूक कळल्यावर वरमायचं असतं हे आपल्याकडे फक्त सुनांना शिकवतात.

"मग शाळेला भिंती कशाला बांधल्या? आणि आता तुला शिवली ना ती? आंघोळ केल्याशिवाय आत नाही. आज नाही तर वर्षाने हिची वेळ येईल, ती काय झाडाखाली, मुलांच्या देखत? ते काही नाही. उद्यापासून खोलीतच बसेल."

संध्याकाळी उल्काचे वडील, भाऊसाहेब आले. कचेरीत साहेबांच्या तोंडावर नियम फेकणारा माणूस, घरी आईपुढे मान हलवण्यापलीकडे काही करीत नाही.

"अच्छा, सांगतो मॅडमना. कशाला उगाच कटकट."

त्यांनी दुसऱ्या सकाळीच सांगितलं. वर्ग झाडाखाली गेला आणि उल्का रिकाम्या बाकांत एकटी राहिली. खिडकीतून तिला मैत्रिणींच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. पिल्लं निघाली, तो गलका तिने आतूनच ऐकला.

घरी आली ती सरळ बाल्कनीत गेली आणि चटईच्या कडेला बसली.

"अगं, तू कशाला इथे? ऊठ."

"राहू दे आई. आतापासून सवय करते."

सुनंदा उठली. तिसरा दिवस होता. उंबरा ओलांडून ती थेट स्वयंपाकघरात गेली, बरणी उघडली, लेकीच्या ताटात लोणचं वाढलं.

"सुनंदा, आज कितवा दिवस?" ठकूबाईंचा आवाज चढला.

"तिसरा."

"नासेल ते लोणचं."

"नासलं तर मी एकटी खाईन."

भाऊसाहेबांनी संध्याकाळी तोंड उघडलं, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या कचेरीत बायका आहेत ना? त्यांना विचारा, चार दिवस कुठे बसता म्हणून." त्यांनी मान हलवली. त्यांना ते चांगलं जमतं.

दुसऱ्या दिवशी सुनंदा स्वतः शाळेत गेली. कांता मॅडमना म्हणाली, "इसको बाहर बिठाइए. रोज." आणि उल्का झाडाकडे पळाली तशी सुनंदा घरी परत फिरली.

ठकूबाई दारातच उभ्या होत्या. "कुठे गेली होतीस?"

"उल्काला बाहेर बसवायला," सुनंदा म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली.

ते लोणचं वर्षभर पुरलं. ठकूबाई रोज जेवताना फोड मागून घेत, पण नासलं नाही, असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. तुमच्या घरची बरणी कोणाच्या हाताने नासते, ते तुम्हीच बघा.