दोन श्रावणांचं साल

नेमिनाथचं पत्र दिवाळीत आलं होतं. चैत्र लागला तरी सुमंतरावांनी उत्तर लिहिलं नव्हतं. पत्रात प्रश्न एकच होता, आणि नेमिनाथला नुसतं 'हो' हवं होतं.

अठरा वर्षं दोघांनी मिळून एक काम केलं होतं. यवतेश्वराच्या पठारावर तेरडा पहिल्यांदा कधी उमलतो ते साताऱ्याच्या सुमंतरावांनी टिपायचं. सांगलीच्या नेमिनाथने ते पाऊस, उष्मा आणि मधमाश्यांच्या नोंदींशी ताडून पाहायचं. माश्या पठारावरच्या धनाजीच्या पेट्यांतल्या. तेवीस साली ऑगस्ट लागता लागता त्या पेट्या ओस पडल्या. तेरडा महिनाभर उशिरा उमलला म्हणून माश्या उपाशी निघून गेल्या, असं नेमिनाथचं म्हणणं. तो लिहीत असलेला सगळा निबंध त्या एका वर्षावर उभा होता. पत्रात त्याने विचारलं होतं, 'तुझ्या वहीत श्रावण शुद्ध पंचमी आहे. मी निज श्रावण धरला. बरोबर ना?'

त्या साली श्रावण दोन होते. सुमंतराव पूजा आटोपली की वडिलांसारखी तिथीच लिहीत. महिन्यापुढे अधिक की निज ते लिहायची घरात रीतच नव्हती, त्यामुळे वहीत ना 'अधिक' होतं, ना 'निज'. अधिकातली पंचमी जुलैत आली होती, निजातली ऑगस्टमध्ये. फूल जुलैतलं असेल तर ते वेळेवरच होतं, आणि माश्या कशाने गेल्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी, त्या साली फूल कधी दिसलं ते विचारायला, ते धनाजीकडे गेले. धनाजीने रिकाम्या पेटीत कांदे भरले होते.

"आवं मास्तर, मला कसलं इचारताय? ज्यांना ठावं हुतं त्या उडून गेल्या," तो म्हणाला. मग पेटीचं झाकण लावत, "व्हय म्हणून टाका की. सांगलीच्या म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटंल."

सुमंतरावांनाही तोच मोह होत होता, म्हणून तर पाच महिने त्यांनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नेमिनाथच्या सुनेचा, रूपालीचा, फोन आला. मामंजी आता उठत नाहीत, दिसतही नाही. रोज दुपारी टपाल वाचून दाखवते. सुमंतचं काही आलं का, एवढंच विचारतात.

सुमंतरावांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, 'नेमिनाथ, मला आठवत नाही. जुलै की ऑगस्ट, सांगता येत नाही. ते वर्ष गाळ.' ते वर्ष गाळलं की निबंधात काहीच उरत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. क्षमा मागावी असं मनात आलं, पण त्यांनी खाली नुसती सही केली.

हे रूपालीला मोठ्याने वाचावं लागणार होतं. तिच्या नावाने धाडलं तर ती ते लपवूही शकली असती. तरी पत्ता त्यांनी नेमिनाथच्याच नावाने घातला, आणि दुपारची डाक निघायच्या आत राजवाड्याजवळच्या पेटीत पाकीट टाकलं.