वाघमामाचं पान

माकडाच्या पानावरून अणिमादीदी थेट कासवाच्या पानावर गेली, तेव्हा टुनीनं पुस्तकावर हात ठेवला.

"मध्ये मामा आहेत."

"मामा हाटाला गेलेत," अणिमा म्हणाली. "आज नाही यायचे."

"कालपण नव्हते."

अंगणवाडीतली बाकीची पोरं गप्प झाली. एवढीएवढीशी पोरं, पण टुनीसमोर काय बोलायचं नाही हे त्यांना घरून बजावलेलं होतं.

गेल्या पौषात टुनीचा बाप गोकुल जंगलातल्या खाडीत खेकडे धरायला गेला. होडी परत आली, सोबतचे दोघे आले, गोकुल आला नाही. या बेटावर कोणी वाघाला वाघ म्हणत नाही, मामा म्हणतात. आणि प्राण्यांच्या गाण्यांच्या त्या चित्रमय पुस्तकात पोरांचं सगळ्यांत लाडकं चित्र नेमकं मामांचं. सुटलेलं पोट, डोक्यावर टोपली. अणिमानं त्याच आठवड्यात भाताची खळ लावून ती समोरासमोरची दोन पानं चिकटवून टाकली. लोकांच्या पोरांची नाकं पुसता पुसता तिचे केस पिकले होते, पण या दुःखाला काय करावं हे तिला उमगत नव्हतं. पान मिटणं तेवढं हाती होतं.

जेवणाच्या वेळी टुनीची आई लतिका आली. एरवी ती लांब खजुराखाली थांबायची. तिचं तोंड पाहून जंगलात गेलेला माणूस परतत नाही, असं बायकांनी उठवलं होतं. आज मात्र ती सरळ ओसरीवर आली.

"दीदी, ते पान तुम्ही चिकटवलंत?"

अणिमा म्हणाली, "तुम्हा दोघींना त्रास नको म्हणून गं."

"मला विचारायचं तरी." लतिका खाली टेकली. "पोरगी झोपेत दचकते. विचारते, ते आपल्या घरात शिरतील का? बापाला कोणी नेलं ते तिला पक्कं ठाऊक आहे, दीदी. मी कुठवर झाकू? तुमच्या पुस्तकातला निदान बायकोला भितो. तो तरी राहू द्या तिला."

अणिमानं फडकं ओलं करून आणलं. दोघींनी मिळून पानं भिजवली, हलक्या हातानं सोडवली. तरी मामांचा एक कान समोरच्या पानाला चिकटून राहिलाच.

टुनीनं वाकून पाहिलं. "मामीनं उपटला," ती म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं. अणिमानं वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात लतिकानं पुस्तक आपल्याकडे ओढलं. ती चौथीपर्यंत शिकली होती. पहिल्याच शब्दावर ती अडली, तो शब्द पौषापासून तिच्या तोंडून निघाला नव्हता. पोरं वाट पाहत होती. मग तिनं बोट टेकवलं आणि अक्षर अक्षर जोडत वाचलं:

मामा निघाले हाटाला,
चिखल लागला पोटाला.
मामी म्हणे, न्हाऊन या,
मामा म्हणे, राहू द्या.
मामीनं झाडू उगारला,
मामा पाण्यात शिरला.

शेवटची ओळ तिला वाचावी लागली नाही. पोरांनीच ती ओरडून म्हटली, टुनीनं सगळ्यांत मोठ्यानं. "परत," पोरं म्हणाली. लतिकानं परत वाचलं. या खेपेला ती अडली नाही.

अणिमा खिचडी वाढायला उठली. दारात शेफाली आपल्या मुलाला न्यायला येऊन उभी होती. दोन दिवसांनी तिचा नवरा मध काढायला जंगलात जाणार होता. चित्र नीट दिसावं म्हणून तिचा मुलगा सरकत सरकत लतिकाच्या मांडीवर जाऊन बसला. शेफालीनं त्याला बोलवायला हात उचलला. क्षणभर हात तसाच राहिला. मग तिनं त्याच हातानं पदर सावरला, चप्पल काढली आणि लतिकाशेजारी चटईवर बसली.

"पुढचं कोणतं गं?" तिनं विचारलं.

"कासव," लतिका म्हणाली, आणि पान उलटलं.