आधी पाणी, मग अमानेए

सेरवा ओफोसुहेने ही नक्की काय काम करते, हे तिच्या आईला कधी कळलं नाही, आणि आईने कधी विचारलंही नाही. अदोनक्रोम गावात आईच्या, म्हणजे मामे दुफिएच्या, पावाच्या भट्टीवर सकाळी बायका जमल्या की लेकींचा विषय निघायचाच. धाकटीबद्दल मामे ठणकावून सांगायची, "नर्स आहे. कुमासीच्या मोठ्या दवाखान्यात." थोरलीची पाळी आली की पिठाचा हात माशी हाकलल्यासारखा हलवायची.

"ती राजधानीत, अक्राला असते. सरकारात."

"सरकारात म्हणजे काय करते?"

"म्हणजे सरकारात! सरकारात काय, झाडूवालासुद्धा असतो."

हे शब्द फिरत फिरत सेरवाच्या कानावर यायचेच, आणि ते तिला लागायचे. कारण सेरवाला आपल्या खात्याचा भारी अभिमान होता. सरकारची एखादी कचेरी धड चालेनाशी झाली की तिच्या खात्याला बोलावणं जायचं. कुठे माणसं जास्त, कुठे कमी, कोणाचं काम कोणाच्या डोक्यावर पडतंय, लोक पुन्हा पुन्हा खेटे का घालतात, हे बघायचं, मोजायचं आणि सल्ला द्यायचा. फक्त सल्ला. हुकूम सोडण्याचा अधिकार नाही. अहवालावर कोणाचं नाव नाही, आणि सुधारणा झालीच तर शाबासकी त्या कचेरीला. बाकीची खाती त्यांना 'घड्याळवाले' म्हणत, कारण जुन्या काळी हे लोक घड्याळ घेऊन कारकुनाच्या पाठीशी उभे राहत. घड्याळवाले आले म्हणजे नोकऱ्या गेल्या, अशी सगळीकडे बोंब असायची. असल्या बिनमानाच्या कामात सेरवाचे केस पांढरे व्हायला लागले होते, आणि तरी दुसरं काम करावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षी अदोनक्रोमच्याच जमीन नोंदणी कचेरीचं काम तिच्या वाट्याला आलं. लोक तिथे वर्षानुवर्षं हेलपाटे घालत होते आणि तक्रारी थेट मंत्रालयापर्यंत गेल्या होत्या. मंत्रालयातल्या साहेबांच्या मनात होतं की हे सगळं एखाद्या परदेशी कंपनीला देऊन टाकावं. त्यांचे अहवाल कसे चकचकीत असतात. सेरवाच्या संचालकबाईंनी हट्टाने ही एक कचेरी मागून घेतली होती. ही जमली नाही तर खात्याला पुन्हा कोण विचारणार, हे बाईंनी स्पष्टच सांगितलं.

"मॅडम, ते माझं गाव आहे," सेरवा म्हणाली. "माझ्या आईच्या भट्टीच्या जागेचा कागदसुद्धा तिथेच अडकलाय."

"मग त्या कागदाकडे बघायचंही नाही," संचालकबाई म्हणाल्या. "आणि आईला सांगायचंही नाही की तू तिथे कशाला आलीस."

सेरवाने दोन्ही पाळलं. मामेला वाटलं, लेक रजेवर आलीय. "एवढी सरकारात आहेस, तर माझ्या कागदासाठी एक चक्कर मारून ये की," ती म्हणाली.

"मला नाही जमणार, मामे."

"मग सरकारात असून उपयोग काय तुझा?" मामेने विचारलं आणि भट्टीत लाकूड सारलं. सेरवाने ते गिळलं.

सकाळी ती साधं छापील कापड नेसून, डोक्याला रुमाल बांधून कचेरीच्या व्हरांड्यात चारचौघींसारखी रांगेत जाऊन बसली. खात्याची ही जुनी रीत होती: आधी गिऱ्हाईक व्हायचं, मग साहेबाला भेटायचं. तिचा सहकारी लारबी आत कारकुनांच्या कामाची मोजदाद करत होता. पुढच्या खिडकीत पेशन्स नावाची कारकून बसली होती. नाव पेशन्स, पण लोकांशी बोलायला तिला जराही उसंत नव्हती. मागच्या टेबलावरच्या मैत्रिणीशी गप्पा मात्र अखंड चालू, आणि तिच्या घरची प्रत्येक गोष्ट 'मग पुढे?' करत शेवटपर्यंत ऐकायची.

एक शिंपीण खिडकीपाशी गेली. "माझ्या थोरल्या भावाने जाण्याआधी ही जागा मला..."

"कागद आणलाय?"

"आणलाय ना. पण भावाने काय केलं होतं..."

"हा नाही, निळ्या शिक्क्याचा. पलीकडची खिडकी."

पलीकडच्या खिडकीने तिसरा कागद मागितला, त्याच्या पुढच्या खिडकीने पैसे भरल्याची पावती. दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर शेवटच्या खिडकीतला म्हातारा म्हणाला, "बाई, तुमच्या जागेची आधी मोजणी व्हायला हवी. मोजणीदार कुठे आणलाय?" शिंपिणीने व्हरांड्यातच बसकण मारली आणि पदराने तोंड पुसलं. भावाने काय केलं होतं, ते शेवटपर्यंत कोणी ऐकलंच नाही. पहिल्या खिडकीने ते ऐकलं असतं तर मोजणीची गोष्ट सकाळीच निघाली असती.

सेरवाच्या डोक्यात तिथे लख्ख प्रकाश पडला. अदोनक्रोममध्ये कितीही गरिबाच्या दारात जा, आधी बसायला देतात, पाणी देतात, आणि पाणी पिऊन झालं की मगच विचारतात, "अमानेए?" काय निमित्ताने येणं केलंत? मग पाहुण्याने सगळं पहिल्यापासून सांगायचं आणि घरच्यांनी मध्ये तोडायचं नाही. इथे मात्र कोणीच कोणाला अमानेए विचारत नव्हतं. प्रत्येक खिडकी आपापला कागद मागत होती, आणि माणूस काय म्हणतोय ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

लारबीने तिच्या तोंडून ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मॅडम, अहवालात लिहू काय? पाणी द्या? परदेशी लोक लाखांचं यंत्र बसवायला सांगतील आणि आपण पेला!"

"लिही," सेरवा म्हणाली. "दारातच एक बाक. बाकावर एक जाणकार माणूस. आधी पाणी, मग पूर्ण ऐकणं, मगच खिडकी. एकच, बरोबर ती."

कचेरीचे प्रमुख ओबिरी-येबोआ. सगळ्या कारकुनांसमोर सेरवाने आपलं म्हणणं मांडलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, हे सरकारी कार्यालय आहे. माझ्या मावशीचं अंगण नाही. प्रत्येकाची रामकहाणी ऐकत बसलो तर काम कधी करायचं?" कारकून हसले. त्यांच्या हसण्यात सुटकाही होती. घड्याळवाली बाई हरली म्हणजे नोकरी वाचली. ओबिरींनी नाही म्हटलं की विषय संपला, कारण सल्ल्याच्या हातात काठी नसते. परतीच्या वाटेवर सेरवाला रडूच यायचं बाकी होतं. आपलं खातं आपल्याच गावात बुडणार, हे तिला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच ओबिरींच्या खोलीत गेली. तिला बघून त्यांच्या कपाळावर आठी चढली, पण ते उठून उभे राहिले. स्वतः खुर्ची पुढे केली. माठातलं पाणी पेल्यात ओतून उजव्या हाताने तिच्यापुढे धरलं. ती पाणी प्यायली. मग ते समोर बसले आणि म्हणाले, "अमानेए?"

सेरवाने सांगितलं. शिंपिणीचं सांगितलं, भावाचं, निळ्या शिक्क्याचं, उन्हाचं. ओबिरींनी एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर तिने रिकामा पेला त्यांच्यासमोर ठेवला.

"साहेब, आत्ता तुम्ही काय केलंत?"

"काय केलं?"

"काल मी तुमच्याशी वाद घातला. आज पुन्हा डोकं खायला आलेय हे तुम्हाला दिसत होतं. तरी बसवलंत, पाणी दिलंत, सगळं ऐकलंत."

"मग काय बाहेर उभं करू? माझी आई थडग्यातून उठून थोबाडीत मारेल!"

"आणि जे बाहेर उभे आहेत?"

ओबिरींनी मान वळवली. खिडकीच्या पट्ट्यांतून व्हरांड्यातली रांग दिसत होती. एक म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. त्यांची नजर त्या म्हातारीवर अडकली.

"माझ्या लोकांच्या नोकऱ्या?" त्यांनी शेवटी विचारलं.

"एकही जात नाही. फक्त एकीला खिडकीतून उठवून बाकावर बसवायचं. पेशन्सला."

"पेशन्सला!" ओबिरी खो खो हसले. "अहो, तिचं तोंड दिवसभर बंद नसतं. तिला मी कितीदा दटावलंय!"

"म्हणूनच तर. दुसऱ्याच्या घरची गोष्ट शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय जिला चैन पडत नाही, तिला तुम्ही कागद तपासायला बसवलंय. चूक तिची नाही, साहेब, जागेची आहे."

ओबिरींनी चष्मा चढवला. "पावसाळा संपेपर्यंत करून बघतो," ते म्हणाले. "नाही जमलं तर तो बाक तुमच्या खात्यात पाठवून देईन."

बाक परत आला नाही. पावसाळा संपला, हरमाटनच्या कोरड्या वाळवंटी वाऱ्याची धूळ उडायला लागली, आणि अक्रात संचालकबाईंच्या टेबलावर दुसऱ्या गावांच्या कचेऱ्यांची बोलावणी येऊन पडली. परदेशी कंपनीचं नाव मंत्रालयात पुन्हा कोणी काढलं नाही. अहवालावर अर्थातच नाव नव्हतं, आणि अदोनक्रोममध्ये ओबिरींची वाहवा चालली होती. सेरवाचं काही म्हणणं नव्हतं. आपलं काम असंच असतं, आणि असंच असावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

नाताळाला ती घरी आली, तर मामे तिची वाटच बघत होती.

"मी त्या कचेरीत भांडायच्या तयारीने गेले होते, माहितेय?" मामेने सुरू केलं. "तर दारातच एक पोरगी म्हणाली, मामे, बसा. पाणी दिलं! मग म्हणते, अमानेए? मी म्हटलं, थांब, आता तुला सांगतेच. भट्टीची जागा कशी घेतली तिथपासून सांगितलं. शेजारणीची बकरी भट्टीत शिरली होती, तेही सांगितलं. तर ती म्हणते, मग पुढे?"

"मग?"

"मग म्हणाली, तुमचं एवढंच अडलंय, मोजणीदाराची सही. सही घेऊन गेले, एकाच खिडकीत काम झालं. हा बघ कागद!" मामेने कागद काढून दाखवला आणि पुन्हा कमरेच्या गाठीत बांधला. "मी तडक ओबिरीच्या खोलीत गेले. म्हटलं, बाबा, तुझ्या आईने तुला नीट वाढवलंय."

सेरवाने मान खाली घातली. सगळं सांगून टाकावं असं तिला वाटलं, पण श्रेय न घेण्याची खात्याची रीत ती मोडणार नव्हती. "चांगला माणूस आहे तो," एवढंच ती म्हणाली.

"तो हसला. म्हणाला, मामे, ही बुद्धी माझ्या घरची नाही हो. ती तुमच्या घरातून आलीय." मामेने लेकीकडे टक लावून बघितलं. मग ती आत गेली. पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची तिने अंगणात आणून मांडली, सेरवाला हाताला धरून तिच्यावर बसवलं आणि उजव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला.

"अगं, हे काय? मी काय पाहुणी आहे?"

"गप पी."

सेरवा पाणी प्यायली. मामेने खांद्यावरचं कापड सारखं केलं, समोरच्या ठोकळ्यावर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"अमानेए?"

"काय सांगू, मामे?"

"अक्राला जाऊन तू काय करतेस ते. पहिल्यापासून सांग. सकाळी बायका विचारतील, तेव्हा मला नीट सांगता आलं पाहिजे."

सेरवा बोलायला लागली. भट्टीतून पाव करपल्याचा वास यायला लागला, तरी मामे जागची हलली नाही.