पाय नसलेला कॉलम

सळई कापण्यात समाधानचा हात धरणारा निरगुडसरात कुणी नाही, असं लोक म्हणायचे, आणि समाधानलाही ते जरा जास्तच खरं वाटायचं. म्हणूनच केशरआत्याच्या घराचं लोखंड कापताना त्याने टेप नीट लावला नाही.

कॉलमच्या उभ्या सळ्या खाली काटकोनात वाकवून पाय काढायचा असतो. तो पाय फुटिंगच्या, म्हणजे खड्ड्याच्या तळाशी अंथरलेल्या सळ्यांच्या, जाळीवर टेकतो, तेव्हा कॉलम घट्ट राहतो. मागच्या कोपऱ्याच्या सळ्यांना ह्या वाकवायच्या पायाची लांबी धरायचीच राहिली. नवं लोखंड मंचरहून यायचं म्हणजे काम उद्यावर गेलं, आणि इकडे मिक्सर येऊन उभा, पायाभरणीला आलेले पाहुणे मांडवात. समाधानने सळ्या तशाच सरळ उभ्या करून तारेने जाळीला आवळल्या. वरून बघणाऱ्याला कळण्यासारखं काही नव्हतं.

"इंजिनियरला दाखवायचं का?" गवंडी धर्माजीने विचारलं.

"कशाला? आमचा समाधान हाय की," आत्या म्हणाली. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं.

खड्ड्याच्या काठावर सगळे हात जोडून पंचशील म्हणू लागले. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे समाधानने नुसते ओठ हलवले. थांबा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण चारचौघांत नाक कापलं जाईल म्हणून तो गप्प राहिला, आणि आत्याने पहिलं घमेलं नेमकं त्याच कोपऱ्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी ती तिथे पाणी मारत होती. "ह्या कोपऱ्यावर माडी चढवू. तुझ्या पोरीला, प्रज्ञाला, आभ्यासाला खोली व्हईल."

समाधानला स्वतःची किळस आली. "आत्या, त्या कॉलमला पाय न्हाईत. सळ्या आखूड कापल्या मी, आन् लपवलं. फोडून नवा करून देतो."

आत्याने पाइप खाली ठेवला. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"आन् बाकीचे?"

"बाकीचे समदे बरोबर हायेत. खरं सांगतो, आत्या."

ते खरंच होतं. पण आत्याने धर्माजीला हाक मारली.

"धर्माजीभाऊ, इंजिनियरला बोलवा. काय काय फोडायचं, त्ये त्यो सांगंल."